बिनशिट्टीची किटली

पाणी उकळावं तर माझ्या सुनेच्या शेजारणीनं. बाकी आपण सगळे नुसतं जळण घालवतो. हे मी लिहून देतो, आणि मी म्हणजे साखर कारखान्याच्या बॉयलरवर एकतीस गळीत हंगाम काढलेला माणूस. शाळा चौथीत सुटली, इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. पण पाणी कधी कुरकुरतं, कधी चिडतं आणि कधी उकळतं हे मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी मानत आलो होतो. आयर्लंडात स्लायगोला गेलो आणि कळलं, की ती माझ्याही आधी आठ वर्षं जन्माला आलेली आहे.

सून तिथल्या इस्पितळात डॉक्टर. मुलगा आठवडाभर डब्लिनकडे नोकरीला, घरी यायचा तो शनिवार-रविवार. मी सहा महिन्यांसाठी गेलेलो. त्यांच्या घरात विजेची किटली. बटण दाबायचं, ती खळखळ करून आपली आपण टक्कन बंद होणार, मग कपात एक पुडी बुडवायची. पहिल्याच दिवशी मी सुनेला म्हटलं, "पोरी, हा चहा नव्हे, ही पुडीची आंघोळ." दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवर गेल्यावर मी पातेलं चढवलं. आलं, साखर, पत्ती, दूध, सगळं एकत्र, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे दणदणीत तीन उकळ्या. तिसऱ्या उकळीला छताला लावलेलं धुराचं यंत्र वाफेनंच बोंबलायला लागलं. मागच्या दारातून शेजारची उंचच उंच म्हातारी आत आली. अंगात लोकरीचं जाकीट, पायात मेलेल्या नवऱ्याचे गमबूट, हातात ओला टॉवेल. आग कुठे दिसेना म्हणून तिनं पातेल्यात वाकून पाहिलं. दुधासकट रटरटणारा चहा दिसला, तेव्हा तिनं छातीवर क्रूस काढला. मग माझ्या मनगटाला धरून मला स्वतःच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. पोलिसानं न्यावं तशी.

तिथं मी जे पाहिलं ते कारखान्याच्या चेअरमनलाही दाखवायला हवं होतं. काळीभोर लोखंडी चूल, पुढं कमरेएवढ्या उंचीवर चुलीलाच जोडलेला टॉवेल वाळवायचा लोखंडी दांडा, आणि आत जळत होती माती. दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा. आम्ही उसाची चिपाडं जाळली, पण माती जाळून पाणी उकळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. चुलीवर तिची किटली, बुडाला धुरानं काळी झालेली. पाणी ताजंच हवं. एकदा उकळून निवलेलं पाणी ती दारातल्या गुलाबाला घालायची. पुढं सून बरोबर असताना मी कारण विचारलं, तर म्हणाली, "ते पाणी दमलंय. दमलेल्या पाण्याचा चहा मी पाहुण्याला देत नाही." चिनी मातीची चहादाणी आधी गरम पाण्यानं विसळायची. का, तर थंडगार भांड्यात उकळतं पाणी ओतणं म्हणजे पाहुण्याला दारात उभं करणं. आणि किटली कधी चहादाणीकडे जायची नाही, चहादाणी किटलीकडे जायची. एकदा मी मदत म्हणून किटली उचलून टेबलाकडे निघालो, तर दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली. तीन पावलांत पाणी थंड होतं म्हणे. मनात हसलो. घरी येऊन विचार केला, तर तिथल्या थंडीत खरंच होत असावं.

तिच्या किटलीला शिट्टी नव्हती. होती ती तिनं किटली आणली त्याच दिवशी पकडीनं उपटून टाकलेली. सून मला सांगताना हसत होती, "मामा, त्या म्हणतात, माझ्या घरात मला कुणी शिट्टी मारून बोलवायचं नाही." मग कळायचं कसं? कानानं. पाणी आधी सुस्कारतं, मग गातं, आणि खरी उकळी फुटायच्या वेळी त्याचं गाणं खाली बसतं. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लोक आवाज वाढला की पाणी उकळलं म्हणतात. खरं पाणी उकळताना गप्प होतं. पहिल्याच आठवड्यात एकदा दोघं असेच बसलो होतो, किटलीचं गाणं खाली बसलं, आणि तिनं बोट वर केलं. त्याच क्षणी माझंही बोट वर गेलेलं. आम्ही एकमेकांच्या बोटाकडे पाहत राहिलो. त्या दिवसापासून तिनं मला रोज चार वाजता बोलवायचं ठरवलं. मी रिवाजाप्रमाणे "नको नको" म्हणायचो, तीही तिच्या रिवाजाप्रमाणे ऐकायची नाही. सुनेला रस्त्यात भेटली की विचारायची, "घरधनी कसे आहेत?" घरधनी म्हणजे मी. सून म्हणायची, "ग्रँड," म्हणजे तिथल्या बोलीत झकास. सून नसली की ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. काही अडलं नाही.

हिवाळ्यात तिचे कान गेले. हळूहळू गेले, म्हणून तिनं कुणाला कळू दिलं नाही. मला कळलं, कारण एक दिवस गाणं खाली बसलं आणि माझं एकट्याचंच बोट वर गेलं. दहा दिवसांत किटली दोनदा कोरडी जळली. दुसऱ्यांदा बूड लालबुंद झालं आणि टॉवेलनं पेट घेतला. डब्लिनहून तिचा मुलगा आला. भला माणूस, घाबरलेला. त्यानं टेबलावर पांढरी विजेची किटली ठेवली आणि सांगितलं, "आई, आजपासून ही. चुलीवर आणखी एकदा किटली जळली तर चूल बंद, घराला कुलूप, आणि तू आमच्याकडे. येत्या रविवारी मी येऊन बघणार." दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं मला त्या विजेच्या किटलीचा चहा दिला. मी प्यालो. ती हात मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत होती. खोटं बोलायची मला सवय नाही. मी कप खाली ठेवला. तिनं मान हलवली आणि खिडकीबाहेर गुलाबाकडे बघत बसली.

रात्रभर मी तळमळलो. मग आठवलं, कारखान्यात गाळपाच्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येत होतं? आम्ही पाइपावर तळहात ठेवून सांगायचो आत काय चाललंय ते. सकाळी सुनेच्या कपाटातून, त्याला तिथं प्रेस म्हणतात, एक छोटी स्टीलची वाटी काढली. दूध उतू जाऊ नये म्हणून आपल्या बायका पातेल्यात बशी पालथी घालतात, ती उकळीला तडतडते. तशी वाटी मी तिच्या जुन्या किटलीत पालथी टाकली, तिची खुर्ची चुलीपाशी ओढली आणि तिचा हात धरून पुढच्या दांड्यावर ठेवला. सुनेला फोनवर धरून सांगितलं, "त्यांना सांग, पाणी चढवलं की खुर्ची सोडायची नाही. ही बॉयलरची ड्यूटी आहे. दाराशी देव आला तरी उठायचं नाही." सुनेनं ओरडून ओरडून सांगितलं. पाणी गायला लागलं तेव्हा दांडा नुसता शहारत होता. मग वाटी नाचायला लागली, ठक ठक ठक, आणि म्हातारीनं डोळे मिटले. दुसऱ्या हाताचं बोट वर गेलं. माझ्याआधी गेलं, हे कबूल करतो.

रविवारी मुलगा हातात घड्याळ धरून उभा राहिला. ती डोळे मिटून बसली, तळहात दांड्यावर, बॉयलरवरच्या जुन्या माणसासारखी ताठ. बोट वर केलं. त्यानं झाकण उघडलं, आत खदखदतं पाणी आणि नाचणारी वाटी. "हे काय आहे?" त्यानं विचारलं. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हे माझे इंजिनियर." सुनेनं भाषांतर केलं तेव्हा मी, चौथीतून सुटलेला माणूस, उगाच बाहेर गुलाब बघायला गेलो. चूल राहिली, घर राहिलं. विजेच्या किटलीत ती कपड्यांचे चिमटे ठेवायला लागली.

माझे सहा महिने संपले. निघताना तिनं हस्तांदोलन केलं नाही. माझा तळहात उलटा करून पाहिला आणि परत मिटून दिला.

ती आणखी चार वर्षं त्याच घरात राहिली आणि त्याच घरात गेली. तिच्या मुलानं वाटी सुनेकडे पोचवली, सुनेनं मला आणून दिली. आतून पांढरी, चार वर्षांच्या उकळ्यांच्या क्षाराचा जाड थर. दर हंगामानंतर बॉयलरच्या नळ्यांतला असाच क्षार मी छिन्नीनं ठोकून काढला, तो राहिला की बॉयलर खराब होतो म्हणून. घरच्यांनी चिंच लावून वाटी घासायला घेतली होती. मी हातातून काढून घेतली. चार वाजता चहा चढला की ती माझ्यासमोर असते. पातेल्यात मी ती टाकत नाही. नुसता शेगडीच्या कट्ट्यावर तळहात ठेवून बसतो.