सोयरीक जुळेपर्यंत

लोक तपासणीला का येत नाहीत, असं विचारलं की डॉक्टर मंडळी मान हलवून म्हणतात, "जागरूकता नाही हो." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पाचोडला आमची आई गावातल्या सुनांना दटावून लस टोचून घ्यायला नेणारी बाई होती. तिला सगळं कळत होतं. तिला अज्ञानानं अडवलं नाही, लग्नाच्या बाजारानं अडवलं.

माझी आजी, म्हणजे आईची आई, स्तनाच्या कॅन्सरनं गेली. म्हणून आईची पन्नाशी उलटल्यावर मी शहरात, गारखेड्यातल्या माझ्या घराजवळच्या दवाखान्यात तिच्या तपासणीची वेळ घेतली. तिला काही होत नव्हतं. होऊ नये, झालंच तर लवकर कळावं, एवढंच मला हवं होतं.

नेमकं तेव्हाच माझ्या धाकट्या बहिणीला दौलताबादचं स्थळ सांगून आलं. मुलगा वाळूजला कंपनीत, घरची सीताफळाची बाग. मध्यस्थ माझा मामा. त्याला तपासणीचं कळलं आणि त्याचा लगेच फोन आला.

"हे बघ पोरी, आधी सोयरीक जुळू दे. तोवर दवाखान्याची पायरी नको. लोक म्हणतील, आजी त्यानंच गेली, आता माय चालली, पोरीतबी उतरंल."

"मामा, नुसती तपासणी आहे. आजार नाही काही."

"तपासलं की निघतंच कायतरी."

आमच्याकडे हा कायदाच आहे. घरात लग्नाची मुलगी असली की कुणी आजारी पडायचं नाही. चष्मा लपवायचा, गुडघेदुखी लपवायची, गोळ्या धान्याच्या डब्यात ठेवायच्या. मामा मोठ्या तोंडानं हे शहाणपण सांगत होता आणि आई मान डोलावत होती. पहिली वेळ अशी गेली.

साखरपुडा झाल्यावर मी पुन्हा वेळ घेतली आणि या खेपेला आईला पाचोडहून आणून स्वतः रिक्षात घालून नेलं. दवाखान्याच्या फाटकाशी औषधाच्या दुकानासमोर नवऱ्या मुलाची आत्या उभी! आईनं पदर पुढं ओढला, पण आत्याबाईंची नजर घारीची. त्यांनी हाक मारलीच.

"इथं कुठं हो?"

"बस्त्याचं बघायला आलो व्हतो," आई हसून म्हणाली. "पोरगी म्हणली, जवळच दुकान हाय."

मग आम्ही खरोखरच साडीच्या दुकानात जाऊन बसलो. मी दुकानदारावर उगाच खेकसले. आई मात्र शांतपणे जरीचे काठ बोटांनी चाचपत होती. मला त्या साड्या पेटवून द्याव्याशा वाटल्या.

पुढं लग्न झालं, मग मांडवपरतणी, मग पहिला सण. प्रत्येक वेळी मामाचं एकच पालुपद, "पोरगी नांदायला लागू दे." मी त्याच्याशी कडाकडा भांडले. अजून बोलत नाही, बोलणारही नाही.

एके दिवशी आईनं मला न्हाणीघरात बोलावलं आणि माझा हात धरून आपल्या काखेजवळ नेला. गाठ चांगली टणक लागत होती.

"कधीपासून आहे ही?"

"हळदीच्या दिवशी लागली व्हती हाताला."

मी तिच्यावर ओरडले. आजाऱ्यावर ओरडू नये म्हणतात. मी ओरडले.

तोवर आजार पसरला होता. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. आई दवाखान्यात असताना एका दुपारी बहिणीच्या सासूबाई भेटायला आल्या. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि आईचा हात हातात घेतला.

"विहीणबाई, माझंबी ह्येच ऑपरेशन झालंय. पोराचं लग्न ठरायच्या आधी. पुण्याला जाऊन गुपचूप केलं. लवकर घावलं म्हणून वाचले. तुम्हाला सांगितलं असतं, तर पोरगी दिली असती का तुम्ही?"

त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची दया आली नाही. या बाईच्या घरच्या धाकानं माझी आई तपासणी चुकवत राहिली आणि ही बाई आमच्या धाकानं तोंड लपवून पुण्याला गेली. पण ती गेली तरी!

मी तोंडावर म्हणाले, "तुम्ही तुमचा जीव वाचवलात. माझी आई तुम्ही काय म्हणाल म्हणून घरी बसली."

आईनं मला डोळ्यांनी दटावलं. तिचे केस गेले होते आणि दोन शब्दांतच तिला धाप लागत होती. मला वाटलं, आता तरी ती मामाला, त्या आत्याबाईला, कुणाला तरी दोन शिव्या हासडेल.

आई सासूबाईंकडं वळली.

"माझ्याजवळ बोललात ते बोललात. बाहेर कुणाला सांगू नका. तुमच्या धाकट्या लेकीचं लगीन अजून जमायचंय."

"नाय सांगत," सासूबाई म्हणाल्या.