वासुदेवभाऊंच्या नावावर मारलेले फेल जॉब

वासुदेवभाऊंना ज्याने कामावरून हाकललं, त्यानेच आज सगळ्यात आधी श्रद्धांजली टाकली.

हात जोडलेला फोटो, झेंडूची बॉर्डर, खाली लिहिलंय, ‘आमच्या परिवाराचा आधारस्तंभ हरपला.’

सर, तुम्हाला टॅग केलंय. शेवटपर्यंत वाचा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पांढुर्ण्यात आमचा थ्रीडी स्टुडिओ आहे. बिल्डर लोकांची अजून न बांधलेली घरं आम्ही आतून फिरवून दाखवतो. त्याच्या हजारो फ्रेम बारा कॉम्प्युटर मिळून रेंडर करतात, म्हणजे एकेक चित्र तयार करतात. कोणतं काम कधी लागणार, अडलं तर का अडलं, ती सगळी क्यू, म्हणजे जॉबची रांग, वासुदेवभाऊ सांभाळायचे. रोज सौंसरहून बसने यायचे.

जॉब फेल झाला की आम्ही घाबरून रिस्टार्ट मारत सुटायचो. ते खुर्ची ओढून शांतपणे लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडायचे.

“शेवटची लाल ओळ कायले पाहून राहिली पोरी? पहिली पाह्य. बाकीच्या तिच्याच मागं आल्या.”

मग एकच फ्रेम, एकाच मशीनवर लावून बघायचे. चहा संपेपर्यंत कारण सापडलेलं असायचं.

आता दसऱ्याचं.

मशीनची पूजा होती. सरांच्या आई आल्या होत्या. क्यू चालू असताना सरांनी कुणाला न विचारता स्टोरेजचा डबा, ज्यात सगळ्या फाइली असतात, केबलमधून उपटला आणि पाटावर ठेवला. आईंनी हळदकुंकू लावलं, हार घातला.

पूजा झाल्यावर सरांना पूजेचे फोटो कॉपी करायची घाई. आधी कॅमेऱ्याचं कार्ड लावलं, डबा नंतर. ई ड्राइव्ह हे नाव कार्डाने पळवलं, डब्याला एफ मिळालं. आणि सगळे जॉब ई मध्येच टेक्स्चर, म्हणजे भिंती-फरशीचे रंग-पोत, शोधत बसले.

थोड्या वेळाने नागपूरच्या क्लायंटसमोर स्क्रीन उघडली तेव्हा अर्धी क्यू लाल. ज्या फ्रेम निघाल्या त्यात भिंती, फरशी, देवघर, सगळं भडक गुलाबी.

“यायच्याच भरोशावर सोडलं होतं ना मी,” सर क्लायंटला म्हणाले. मग भाऊंकडे वळून, “तुमच्यानं होत नाही तं घरी बसा ना आता!”

भाऊंनी तोवर लॉग वाचला होता. तरी ते गप्प राहिले.

आम्ही सहा जणही गप्प राहिलो. त्यातली एक मी.

संध्याकाळी बस स्टँडवर मी त्यांच्याशीच भांडले. का नाही बोललात?

“सरच्या आई बसल्या होत्या ना तिथं. एवढ्या श्रद्धेनं पूजा केली त्यायनं. त्यायच्यासमोर कसा सांगू का पूजेतच बिघडलं म्हणून? सरले बाजूला घेऊन सांगतलं मी. तं म्हणते, आता मागं फिरलो तं क्लायंटसमोर माही काय इज्जत राहीन?”

म्हणजे सर, तुम्हाला माहीत होतं.

तरीही सौंसर, लोधीखेडा, मोहगाव, जिथे जिथे भाऊ काम मागायला गेले तिथे तुमचा फोन त्यांच्याआधी पोचला. ‘ठेवू नका, काम बुडवतो.’ ज्यांना तुम्ही फोन केला त्यांनीच मला सांगितलंय.

असा माणूस शेवटी झेरॉक्सच्या दुकानात लोकांची आधार कार्डं लॅमिनेट करत बसला. मी गेले की हसून स्टूल पुढे करायचे. त्या हसण्याने माझा जीव जळायचा.

आज त्यांच्या घरासमोर तुम्ही खांदा द्यायला पुढे झालात. काकूंनी, भाऊंच्या बायकोने, हात आडवा करून तुम्हाला थांबवलं. अख्ख्या गल्लीने पाहिलं.

मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

खाली दोन गोष्टी जोडल्यात. एक, त्या दिवसाच्या लॉगचा फोटो. ई ड्राइव्ह सापडत नाही, वेळ सकाळी अकरा वाजून बारा मिनिटं. दुसरी, तुमच्याच प्रोफाइलवरचा पूजेचा फोटो. डबा पाटावर, केबल बाजूला लोंबतेय, आरती तुमच्या हातात, आणि मागच्या घड्याळात सव्वाअकरा.

आता तुमचा फोन येईल, पोस्ट काढ म्हणून. नाही काढणार. ती झेंडूवाली पोस्ट तुम्ही काढा, नाहीतर हे दोन्ही फोटो रोज तिच्याखाली टाकीन.

उद्या मी कामावर येणार आहे. क्यू सध्या मीच बघते. मला काढायचं तर काढा, पण कारण इथे, सगळ्यांसमोर लिहा.

वासुदेवभाऊ, चूक तुमची नव्हती. हे मी त्याच दिवशी, त्याच खोलीत, क्लायंटसमोर बोलायला पाहिजे होतं. तुम्ही ऐकू शकत होतात तेव्हा.

सरांना माफ करू नका.

मलाही नका करू.

शेवटचा नमस्कार, भाऊ.