बेटमावाल्या काकू आणि पिठाचा डबा

कुमुद गेली त्या सकाळी तिच्या पलंगाशेजारी माझा पिठाचा डबा होता. भेटायला आलेली माणसं आधी तिच्याकडे बघायची आणि मग डब्याकडे. देवासहून आलेल्या तिच्या मावसबहिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, हा कुठल्या विधीसाठी ठेवलाय? मी सांगितलं, विधीचा नाही, माझा आहे, आत गव्हाचं पीठ आहे. ती जरा लांब जाऊन बसली. कुमुद असती तर हा प्रसंग तिने त्याच आठवड्यात गोष्टीत घातला असता आणि त्या मावसबहिणीवर सगळ्यांचा संशय आणून ठेवला असता.

तिच्या गोष्टी तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचल्या असतील. बेटमावाल्या काकू, ही तिची चोर पकडणारी बाई. पोलिसात नाही, वकील नाही. शेजारपाजारच्या लग्नामुंजीत काही हरवलं, कोणी फसवलं, की काकू ते शोधून काढणार, आणि वाचणारा हसून हसून बेजार होणार. राजेंद्र नगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. ती सरकारी कचेरीत होती, लग्न केलं नाही, भाचा मिलिंद आणि त्याची बायको तिच्याजवळ राहायची. अंगाने चांगली भरलेली, आवाज मोठा, हसली की आमच्या घरात कळायचं. लिहायला लागली ती पेन्शनीत निघाल्यावर. लोक त्या वयात तीर्थयात्रा काढतात, हिने चोऱ्या काढल्या.

काकू माझ्यावरून केल्या का, असं मला लोक विचारतात. बेटमा गावची मी आहे, शाळा चौथीपर्यंत मीच शिकले आणि तोंडाने फटकळही मीच आहे. पण मी आयुष्यात एक चोर पकडलेला नाही. आमच्या घरी दूध पिणारं मांजर कोणाचं, ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा काकू कुमुदच्याच.

पहिली गोष्ट घेऊन आली तेव्हा मी पोळ्या करत होते. बसायला काही नव्हतं म्हणून ती पिठाच्या डब्यावर बसली आणि वाचायला लागली. गोष्टीत काकू विधवा होत्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिवाणखान्यात बसून, हातात वाण घेऊन, समोरच्या बायकांच्या बांगड्या न्याहाळत होत्या. मी लाटणं ठेवलं. विचारलं, हिला बोलावलं कोणी? कुमुदला कळेना. तिला लग्न न झालेली म्हणून सगळीकडे आमंत्रण असायचं. साठी उलटलेली कुमारिका, कुंकू लावून घ्यायची, वाण पिशवीत टाकायची आणि घरी यायची. आपल्या शेजारची विधवा सुमन, म्हणजे मी, त्या खोलीत कधी दिसत नाही, हे इतकी वर्षं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिला सांगितलं, आता तोंडावर कोणी काही बोलत नाही. काकू, बाहेर फार गर्दी आहे, तुम्ही आत बसा, एवढंच म्हणतात. आत म्हणजे स्वयंपाकघरात. मग आपण आत बसतो, तिळगूळ बशीत मांडतो, कॉफी गाळतो.

ती कागद घेऊन उठली आणि निघून गेली. मला वाटलं, गोष्ट बारगळली. दोनेक दिवसांनी पुन्हा येऊन डब्यावर बसली आणि म्हणाली, "सुमन, आत बसलं की ऐकू काय काय येतं गं?"

मी म्हटलं, सगळंच. सासू सुनेबद्दल बोलायला आत येते, सून सासूबद्दल बोलायला आत येते, पाहुणी रडायला आत येते. कॉफी गाळणाऱ्या बाईसमोर माणसं गप्प होत नाहीत... अडचण मी सांगितली होती, वाट तिने काढली. त्या दिवसापासून काकू स्वयंपाकघरातून चोर पकडायला लागल्या. ज्या खोलीत त्यांना गप्प करून बसवलं, तीच त्यांची कचेरी झाली. मला हे सुचलं नसतं. मी आयुष्यभर आत बसले आणि मला नुसतं उकडलं.

मग तो रिवाजच पडला. मी पोळ्यांना बसले की ती डब्यावर बसून नवी गोष्ट वाचायची. पोळ्या संपायच्या आत मी चोर ओळखला, तर गोष्ट परत न्यायची. मी पुष्कळदा ओळखायची. श्रीखंडाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल, साखरपुड्यात अंगठी नाहीशी होते ती. पहिल्या वेळी तिने चोर केला होता परगावचा फोटो काढणारा. मी तिसऱ्या पोळीला ओळखला. तिने कागद फाडले, आणि पुढच्या वेळी चोर केला नवऱ्या मुलाचा काका, जो पंगतीत नेहमी चार वाट्या श्रीखंड खातो आणि त्या दिवशी दुसरी वाटी नको म्हणतो, कारण अंगठी पातेल्यात त्यानेच दडवलेली असते आणि ती आपल्याच दाताखाली येईल अशी त्याला भीती. हे मी ओळखलं नाही. तिला राग कधी आला नाही. तुला लिहिण्यातलं काय कळतं, असं एकदाही म्हणाली नाही, जे मी तिच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी म्हटलं असतं.

तिचा तो हवालदार मला सगळ्यात आवडायचा. तपासाला येतो आणि ताटात पडेल ते खाऊन टाकतो. कचोरीत विष आहे का, हे बघायला ठेवलेली कचोरीसुद्धा खातो. मग विचारतो, "काकू, ये सबूत था क्या?" आणि काकू म्हणतात, "था भिया. आता संध्याकाळपर्यंत इथेच बस, तू काय होतोस ते बघू." हे वाचताना कुमुद स्वतःच इतकी हसली की डब्याचं झाकण आत गेलं. पोचा पडला, तो कायमचा.

पुण्याच्या एका प्रकाशकांनी गोष्टी मागवल्या तेव्हा तिला फार आनंद झाला होता. त्यांचं म्हणणं आलं की सगळं छान आहे, फक्त काकूंना निवृत्त मुख्याध्यापिका करा, नवरा जिवंत ठेवा, दिवाणखान्यात बसवा, आणि ते हिंदी-मिश्रित बोलणं काढून टाका. पुस्तक निघावं अशी तिची किती इच्छा होती ते मला माहीत होतं. मीच म्हटलं, कर की मुख्याध्यापिका, तुझं काय जातं. तिने मला एकच उत्तर दिलं. "दिवाणखान्यात बसून तिला ऐकू काय येणार आहे?" तिने गोष्टी परत मागवल्या. पुढे इथल्याच एका मंडळाच्या अंकात त्या येत राहिल्या, वाचणारे वाढले, आणि मग त्याच प्रकाशकांनी आहेत तशा छापल्या. पुस्तक हातात आल्यावर तिने त्यांना नावं ठेवली नाहीत. तिने एक गोष्ट लिहिली, तिच्यात पुण्याहून आलेले एक गृहस्थ दिवाणखान्यात बसून चोराशीच गप्पा मारतात.

गेल्या वर्षी तिचं हृदय थकलं. दोन पायऱ्या चढली की धाप लागायची. डॉक्टरांनी मिलिंदला काय ते सांगितलं आणि तिने ते मिलिंदच्या तोंडावरून ओळखलं. मग मला म्हणाली, आता शेवटची गोष्ट लिहिते, तिच्यात काकूंना मारते. मी गेल्यावर कोणीतरी त्यांना उचलेल, तिशीची करेल, सोफ्यावर बसवेल. त्यापेक्षा मीच संपवते.

मला राग आला. मी तिला म्हटलं, "तू चाललीस तर एकटी जा. तिला कशाला ओढतेस? सती जायची चाल बंद झाली."

ती हसायला लागली, मग हसणं खोकल्यात गेलं, मिलिंदची बायको पाणी घेऊन धावत आली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी घरी निघून आले. मी माफी मागितली नाही. कुमुदनेही काही दिवस निरोप पाठवला नाही. त्या दिवसांत मला तिच्यापेक्षा काकूंची काळजी जास्त होती, हे खरं तेच लिहिते. कुमुदचं काय होणार ते ठरलेलं होतं. काकूंचं ठरायचं होतं.

मग एक दिवस मिलिंद दारात. म्हणाला, "आत्याने डबा मागवलाय. पलंगावर बसून वाचता येत नाही म्हणते." मी म्हटलं, ने. "पिठासकट?" रिकाम्यावर ती बसली तर चपटा होईल, म्हटलं, पिठासकटच ने. त्याने डबा उचलून नेला, मागून मी कणीक, पोळपाट-लाटणं घेऊन गेले. तिच्या खोलीत खाली बसून मी लाटत होते, मिलिंदची बायको आत नेऊन भाजत होती, आणि कुमुद भिंतीला टेकून डब्यावर बसून वाचत होती. दोन ओळी, मग श्वास... पुन्हा दोन ओळी. पोळ्या संपल्या. परातीत कणीक उरली नाही आणि मला चोर कळला नव्हता. तिने कागदावरून माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा तेव्हा जसा खुलला होता तसा मी नंतर पाहिला नाही.

शेवटी काकू चोर पकडतात. घरची माणसं म्हणतात, काकू, आता तरी बाहेर येऊन बसा. काकू म्हणतात, माझी भाजी लागेल. एवढ्यात शेजारच्या घरात भांडं पडल्याचा आवाज होतो. काकू गॅस बारीक करतात आणि कान देतात. इथे गोष्ट संपते. कुमुदने कागदांची घडी केली आणि म्हणाली, "नाही मारली. बस?" मी म्हटलं, भाजी कसली होती ते लिही. तिने गिलकी असं लिहिलं, म्हणजे तुमची घोसाळी. छापून येईल तेव्हा बघा.

तेरावं झाल्यावर मी डबा घरी आणला. सुतकाच्या घरातलं पीठ टाकून द्या, असं मला दोघीतिघींनी सांगितलं. मी टाकलं नाही, त्याच्या पोळ्या केल्या आणि खाल्ल्या. पोच्यामुळे झाकण नीट बसत नाही, मुंग्या जाऊ नयेत म्हणून वर पोळपाट ठेवते. मुलगा म्हणतो, आई, नवीन घेऊ. मी नको म्हटलं.

मागच्या आठवड्यात मिलिंद सांगत होता, प्रकाशक विचारतात, काकूंच्या गोष्टी दुसऱ्या कोणी पुढे लिहिल्या तर चालतील का. मी म्हटलं, लिहू दे. फक्त ज्याला लिहायच्या असतील त्याने आधी इथे यावं, डब्यावर बसावं आणि मी लाटत असताना वाचून दाखवावं. अजून कोणी आलेलं नाही. पोळ्या आता लवकर होतात.