ब्लॉकखालच्या कोंबड्या

चष्मा कपाळावर सरकवून काकूंनी "म्हणजे नेमकं काय?" असं विचारलं, की समोरच्याने खुर्ची ओढून बसावं हे बरं. उत्तर मिळाल्याशिवाय त्या हलायच्या नाहीत. एका कंपनीत त्या सॉफ्टवेअर टेस्टर होत्या. सिंगापूरमधल्या बेडोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर त्या आणि काका, सहाव्यावर आम्ही. आपण सगळे ज्या नोटिशीवर नुसती नजर टाकतो, ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं माणूस तुमच्याही इमारतीत असेल.

ब्लॉकखाली रानकोंबड्यांचं एक खटलंच नांदत होतं. कुणी पाळलेल्या नव्हत्या, मागच्या झाडीतून आलेल्या. कोंबडा वेळी-अवेळी आरवायचा. कुणीतरी तक्रार केली आणि लिफ्टमध्ये नोटीस लागली : कोंबड्यांचं स्थलांतर करण्यात येईल.

"स्थलांतर कुठे?" काकूंनी मला विचारलं.

"कढईत," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

त्यांना प्राण्यांचं फार प्रेम होतं असंही नाही. कोंबडी जवळ आली की बाकावर पाय उचलून घ्यायच्या. पण शनिवारी जाळी घेऊन माणसं आली, तेव्हा त्या छत्री घेऊन लॉरीपाशी उभ्या होत्या. कुठे नेताय, असं विचारलं तर त्यातला एक ओशाळून म्हणाला, "बॉसला माहीत." काकूंनी त्याला पाणी दिलं आणि बॉसचा नंबर मागितला. तो काही मिळाला नाही.

मग त्यांनी नोटीस लावणाऱ्या सरकारी खात्याला ईमेल लिहिली. उत्तर आलं : योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे. काकूंनी पुन्हा लिहिलं : किती पकडल्या, कुठे नेल्या, जिवंत आहेत का?

काका हवालदिल. "अगं, आपण इथे नोकरीच्या पासवर आहोत. दोन महिन्यांत तो रिन्यू व्हायचाय. कोंबड्यांसाठी सरकारशी वाद कशाला?"

"वाद कुठे घालतेय? विचारतेय."

पण खात्यातून भेटायला या, असा फोन आला, तेव्हा काकूंचाही चेहरा उतरला. हातातला चहा तसाच गार झाला. काकूंच्या समोरच्या दारातल्या चिनी आंटींना हे कळलं. त्या ठेवणीतले बूट घालून दारात हजर. "मी सिटिझन आहे ना. मी विचारते ला!" इथल्या बोलीतला 'ला' शेवटी ठासून त्या म्हणाल्या. काकांना गाडी लागते, म्हणून सोबत मी.

खात्यात एक तरुण अधिकारी बाई भेटल्या. काकूंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. बाईंनी पासबद्दल अवाक्षर काढलं नाही. नकाशा उघडला, एका जंगलपट्टीवर बोट ठेवलं. मग फोटो दाखवले : पिंजऱ्याचं दार उघडं आणि आमचा कोंबडा मान ताठ करून बाहेर पडतोय. एक लंगडी कोंबडी डॉक्टरांकडे होती, बाकी सगळ्या तिथे.

"मग हे नोटिशीत का नाही लिहिलं?" आंटी कडाडल्या.

बाईंनी वहीत टिपून घेतलं. "लिहायला हवं होतं," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्ये नवा कागद लागला, नकाशासकट.

त्या दिवशी खात्यातून बाहेर आल्यावर काकू फुटपाथवरच मटकन बसल्या. आधी हसल्या, मग डोळे पुसले. काकांना फोन लावला आणि नुसतं म्हणाल्या, "आहेत हो. आहेत." मग हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या स्टॉलवर आंटींनी त्या आनंदात स्वतःसाठी चिकन राइस मागवला. घास तोंडाजवळ नेला आणि त्यांच्या लक्षात आलं. आम्ही तिघंही खो खो हसत सुटलो.

पास वेळेवर रिन्यू झाला. पुढे काकू निवृत्त होऊन काकांसह नाशिकला गेल्या. फोन असतो अधूनमधून. पण त्यांची आठवण आली की मला त्या दिवशीची परतीची बस दिसते. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर काकू आणि आंटी, दोघींना गाढ झोप लागलेली, एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर. आमचा स्टॉप आला, गेला. मी उठवलं नाही.