मुठीएवढी बॅटरी

आबांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, आणलेली ही तिसरी बॅटरी. आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात. या पारखण्याला माझाच जीव विटला होता. तरी झाकणाचे आटे फिरवून बघितले, बादलीत बुडवली, फरशीवर आपटली. साधा पोचाही आला नाही. तिन्हीसांजेला झोत थेट ओढ्यापलीकडच्या उसावर पडला. दहा मिनिटांत ती तापली, उजेड निम्म्यावर आला. म्हटलं, चालेल.

आबांनी ती मुठीत धरली. "उजेड लई हाय. पण साप आला तर हाणायचं कशानं?"

शेताकडं निघताना त्यांनी खुंटीवरची जुनी, हातभर लांब, पाच सेलची बॅटरी उचलली.

"आबा, ती लागतच न्हाय!" मी ओरडलो.

"न्हाय तर न्हाय. वाट पाठ हाय की मला."