पूरन सिंगनं दिलेला होकार

आमचा कॉलम, म्हणजे पूरमदतीला निघालेली लष्कराची तुकडी, अहमदपूरच्या पुढं पोचला तेव्हा सकाळचे ०६१० झाले होते. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या एका गावाला नदीनं तिन्ही बाजूंनी वेढलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ती माणसं अजून तिथं राहतात.

मी तेव्हा मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. मेडिकल टीममध्ये माझं नाव ऐनवेळी घातलं गेलं, कारण अख्ख्या कॉलममध्ये मराठी येणारं दुसरं कुणी नव्हतं आणि मी उदगीरची. कॉलमचे कमांडर असलेले मेजरसाहेब मला म्हणाले, "पट्ट्या बांधायला माझ्याकडे दोन जण आहेत. बोलायला कुणी नाही. तुम्ही बोटीत बसा."

नील, अनुजा, गेल्या रविवारी तुम्ही दोघा भावंडांनी मला वेगवेगळा फोन केलात. नील म्हणाला, "आजी, मी तिला स्पष्ट सांगितलं होतं." तासाभरानं अनुजा म्हणाली, "त्यानं मला काहीच सांगितलं नाही." तुमच्यापैकी कुणीच खोटं बोलत नाही, याची मला खात्री आहे. म्हणून कुणाचीही बाजू न घेता त्या एका दिवसाची हकिगत लिहून पाठवते. यातलं बरंचसं मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला टेकाडावर शाळा होती. तिथं आमचा बेस. तीन बोटी, दोन वायरलेस सेट. एका वर्गात पुरुष, दुसऱ्यात बायका आणि मुलं. सेटवर हवालदार नायर होता, सिग्नल्सचा, केरळचा. पहिल्या अर्ध्या तासात त्यानं मला सेटवर बोलायचं कसं ते शिकवलं. आमचं आपसातलं बोलणं हिंदीतच व्हायचं; इथं बरंचसं मराठीत लिहिते.

"मॅडम, आपण बोललो म्हणजे पोचलं असं धरायचं नाही. पलीकडच्यानं तेच परत म्हणून दाखवलं की पोचलं. त्याला रीड बॅक म्हणतात."

"आणि तो नुसतं रॉजर म्हणाला तर?"

"तर त्याचे कान शाबूत आहेत, एवढंच कळलं."

मला हे नवं नव्हतं. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला डोस मी वॉर्डात नेहमी मोठ्यानं परत म्हणायची, आणि ज्युनिअर सिस्टर्सनाही म्हणायला लावायची. औषधाच्या बाबतीत माझी शिस्त पक्की होती. माणसांच्या बाबतीत तेवढी नव्हती.

माझ्या बोटीवर लान्स नायक पूरन सिंग होता. इंजिनिअर्सचा जवान, कुमाऊंकडचा, अंगानं बारीक, हात मात्र लोहारासारखे. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. बोटीत बसलेल्या म्हाताऱ्या बायका त्याला काय काय सांगायच्या, आणि तो प्रत्येकीकडे बघून मान डोलवायचा, "हां माताजी, हां." बायका शांत व्हायच्या. नायरनं त्याला छेडलं, "पूरन, तुला काय समजलं त्यातलं?"

"काहीच नाही. पण तिला बरं वाटलं ना?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

११२० वाजता आम्ही शेवटच्या घराशी पोचलो. पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दोन दिवसांच्या पावसानं ते छप्पर भिजून जड झालं होतं. पाणी ओट्याला लागलं होतं. घरधनी तात्या, सत्तरीचे, ओट्याच्या टोकाला म्हशीचं दावं धरून उभे होते.

"तात्या, चला आता."

"म्हशीला सोडून? न्हाई जमत. तुमच्या नावंत म्हैस बसती का?"

"म्हैस पोहत जाईल. तुम्हाला येतं का पोहता?"

"मला? तिच्यापरीस झ्याक येतं. तुमचं बघा, बाई. तुम्हीच लई घट्ट धरून बसलाव."

दावं सोडायला त्यांना पाच मिनिटं लागली. तेवढ्यात त्यांची सून शोभा घरातून बाहेर आली. वय विशीच्या आसपास. बोट धरून उभ्या असलेल्या पूरन सिंगजवळ जाऊन ती हळू आवाजात काहीतरी बोलली आणि हातानं घराच्या आत खुणावलं. त्यानं मान डोलवली. "हां, हां. बैठो."

मी तात्यांना विचारलं, "घरात कुणी राहिलं का?"

"कोन न्हाई. समदी सकाळीच शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेली. मी आन् ही सून, दोघंच ऱ्हायलो."

शोभा चार हातांवर उभी होती. पदर नाकापर्यंत. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पूरन सिंगकडे. त्यानं हसून पुन्हा मान हलवली. ती बोटीत बसली.

ती नजर मी पाहिली होती. हे नीट वाचा. मी त्याच मुलखात वाढलेली. माझं लग्न झाल्यावर चार वर्षं मी सासऱ्यांशी थेट एक वाक्य बोलले नव्हते. जेवण वाढलंय हेसुद्धा जावेकरवी कळवायची. अशा बाईला सासऱ्यांदेखत तोंड उघडायला किती जड पडतं, ते कॉलममध्ये फक्त मला माहीत होतं. तिला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी घड्याळ बघत होते.

११३२ ला मी सेटवर कळवलं, "शेवटचं घर रिकामं." नायरनं जसंच्या तसं परत म्हटलं, "शेवटचं घर रिकामं." रीड बॅक अचूक होता. निरोपच चुकीचा होता.

११५५ ला शाळेत बायकांच्या वर्गात मी नावं लिहून घेत होते. शोभा माझ्याजवळ येऊन बसली. तिथं पुरुष कुणी नव्हता.

"ताई, बाळंतिणीला आणाया दुसरी नाव गेली का?"

"कुठली बाळंतीण?"

"आमच्या वन्सं, लताताई. आतल्या खोलीत निजल्यात, लेकराला घिऊन. सकाळी ट्रॅक्टरवर बसल्या आन् अंगावरून लई जाऊ लागलं. मग मीच मागल्या दारानं आत नेलं. आठ दिसांची बाळंतीण, बसून कशी येईल? मी त्या फौजीला सांगितलं की, खाटंसकट न्या म्हणून. त्यो हाव म्हणला."

तात्या पहाटेपासून बाहेर म्हशीपाशी होते. लेक ट्रॅक्टरवर गेली असं ते धरून चालले होते. शोभाचा नवरा पुण्याला कामाला, सासू वारलेली. एरवी तात्यांना काही सांगायचं असलं तर शोभा नणंदेकरवी सांगायची. ती नणंदच आत निजलेली होती.

मी धावत व्हरांड्यात गेले आणि मेजरसाहेबांना सांगितलं. बाकीच्या दोन बोटी नदीपलीकडे होत्या. तासाभरात धार दुप्पट झाली होती. पूरन सिंग पायरीवर बसून बुटातलं पाणी काढत होता. त्यानं सगळं ऐकलं.

"मॅडम, उन्होंने मुझे बताया था?"

"हो."

"और मैंने हां बोला."

हा प्रश्न नव्हता. त्यानं बूट चढवले आणि लाइफ जॅकेट उचललं.

मेजरसाहेबांनी अर्धं मिनिट पाण्याकडे पाहिलं. "दोघं जा. घर खचताना दिसलं तर परत फिरायचं. काय करायचं?"

"घर खचताना दिसलं तर परत फिरायचं, सर," पूरन सिंग म्हणाला.

१२०३ ला बोट सुटली. मी, तात्या आणि शोभा नायरच्या टेबलापाशी उभे राहिलो. लेक आत आहे हे तात्यांना आता कळलं होतं.

१२१४ ला बोटीतल्या दुसऱ्या जवानाचा आवाज आला. "बेस, सामने का दरवाजा पानी में. रास्ता बताओ. ओव्हर."

मी शोभाकडे वळले. ती मला म्हणाली, "मागल्या दारानं."

तात्या मला म्हणाले, "बाई, तिला सांगा, गोठ्याकडली भिंत सकाळीच फुगलीय. तिकडून नगं. माळवदावरनं उतरा म्हणावं."

शोभानं ते ऐकलं होतं. तरी ती मलाच म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, जिन्याचं दार मी लावून घेतलंय."

मी तात्यांकडे वळले. तात्या म्हणाले, "तिला इचारा, कसं लावलंय."

मी पुन्हा शोभाकडे. तिघं एका टेबलाशी, हाताच्या अंतरावर, आणि प्रत्येक वाक्य माझ्यातून जात होतं. नायर हँडसेट धरून माझ्याकडे बघत होता. सेटवरून पुन्हा आवाज आला, "बेस, रास्ता बताओ." घड्याळात १२१८. चार मिनिटं गेली होती.

मी म्हणाले, "मी मधून बाजूला होते. सरळ बोला एकमेकांशी. नाहीतर लता जाईल."

तात्यांनी जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाले, "शोभा, कडी कुठल्या अंगाला हाय?"

तिनं तोंडावर धरलेला पदर सोडला. "वरल्या अंगाला, मामंजी. जोर लावला तर निघंल."

"शेजारच्या रामाच्या माळवदावर पाय देऊ नगा म्हणावं. ते कच्चं हाय. आपल्याच माळवदावर चढायचं, लिंबाकडून."

"आन् जिना उतरलं की डावीकडं. वन्सं डाव्या खोलीत हायत, खाटंवर."

वीस सेकंदं लागली. मी हिंदीत सांगितलं, नायरनं सेटवर दिलं, पलीकडून पूरन सिंगचा आवाज आला. "नीम की तरफ से चढ़ना. बगल वाली छत पर नहीं. कड़ी ऊपर. उतरके बाएं."

"बरोबर," तात्या म्हणाले. त्यांना हिंदी समजत होती.

१२२६: "मिल गई. मां होश में है. बच्चा ठीक."

१२३१: "बच्चा बोट में."

त्यानंतर बराच वेळ काही नाही. शोभानं माझं मनगट धरलं होतं. तिला ते कळत नसावं.

१२३६: "मां बोट में. पूरन नीचे से खाट को सहारा दे रहा था. आ रहा है."

मग सेटवर एक ओरडणं आलं आणि नुसती खरखर. पाऊण मिनिटानं तोच जवान म्हणाला, "बेस, छत गिर गई. पूरन नीचे है." तेच त्यानं तीनदा सांगितलं. नायरनं परत म्हटलं नाही.

१३१० ला बोट आली. लताचा रक्तस्राव मी आणि आमच्या डॉक्टरांनी थांबवला, सलाइन लावलं. ती वाचली. बाळही वाचलं. दरम्यान बाकीच्या दोन बोटी त्या घराकडे गेल्या होत्या. पूरन सिंग १६४० ला सापडला.

पुढं कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. शेवटचं घर रिकामं असल्याचा निरोप कुणी दिला, असं विचारलं. मी म्हणाले, मी दिला. घरधन्याच्या शब्दावर दिला होता, अशी नोंद होऊन विषय संपला. त्या चार मिनिटांबद्दल कुणी विचारलं नाही. ती मी स्वतःहून जबाबात लिहिली. चार मिनिटं आधी रस्ता मिळाला असता तर तो बाहेर आला असता का, हे कुणालाच सांगता येत नाही. मी मात्र अजून ते गणित करते.

त्या घरात कुणीही खोटं बोललं नव्हतं. तात्यांना जे खरं वाटत होतं ते त्यांनी सांगितलं. शोभानं सांगितलं होतं. पूरन सिंगनं तिला धीर दिला होता. मी विचारलं होतं. तुमच्या भांडणात कोण बरोबर, ते मी शोधणार नाही. नील, तू सांगितल्यावर तिला काय समजलं, ते तिला विचार. अनुजा, त्याच्या बोलण्यावर तू हो म्हणाली असशील, तर ते कशाला, हे त्याला सांग. आणि हे एकमेकांना फोन करून बोला. माझ्याकरवी नको.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. सकाळी ०७०० वाजता शाळेसमोर ट्रक उभा होता. पूरन सिंग तिरंग्यात होता. मेजरसाहेबांनी सलामी दिली, मग आम्ही सगळ्यांनी. गावातली माणसं मैदानाच्या कडेला उभी होती, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला.

तात्या पुरुषांमधून निघाले आणि सगळ्यांदेखत मैदान ओलांडून बायकांकडे गेले. सुनेसमोर थांबले.

"शोभा, त्याचं नाव काय व्हतं?"

तिला माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, लान्स नायक पूरन सिंग, अल्मोड्याकडचा, वय एकोणतीस, घरी आईवडील, बायको आणि एक मुलगी.

शोभा सासऱ्यांकडे वळली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही. मैदानातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं ते सगळं त्यांना सांगितलं. नाव, गाव, वय, आईवडील, बायको, मुलगी.

तात्यांनी डोक्याचा पटका उतरवून हातात धरला.

ट्रक ०७१५ ला निघाला.