अंबरनाथ ते लाहोर, व्हाया उतार

लाहोरला कोण किती रनांवर आउट झाला, हे आम्हांला आजवर कुणी विचारलेलं नाही. जुनी मंडळी जमली की एकच फर्माईश, "त्या गाडीचं सांग!" मॅच चार दिवसांची, पण जायचं ठरल्यापासून इतके किस्से साचले की स्कोअर सांगायचा राहूनच जातो.

मी तेव्हा अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात क्लार्क होतो.

*

बातमी आणली ड्रॉइंग ऑफिसच्या जोशींनी. लाहोरच्या टेस्टसाठी आपल्या प्रेक्षकांना पलीकडे सोडणार होते! जोशी धावत कँटीनमध्ये आले आणि बाकावर चढून ओरडले, "सरहद्द उघडली!"

फाळणी होऊन फार वर्षं झाली नव्हती. सगळे चहा टाकून उभे राहिले. फोरमनचा चेहरा पांढराफटक. "अरे देवा! आता काय झालं?"

"क्रिकेट!" जोशी म्हणाले.

*

आम्ही दोघं रजा मागायला मॅनेजरसाहेबांकडे गेलो.

"कशासाठी?"

"सर, मॅचसाठी."

साहेबांनी चष्मा काढला. "जोशी, इथे रोज ढिगांनी मॅचेस बनतात. तेवढ्यानं भागत नाही?"

आम्ही निमूट वळलो, तर मागून हळूच आवाज आला, "गाडीत अजून एक सीट आहे का हो?"

*

सीट नव्हती. गाडी होती लालचंदची. हा सख्खरचा सिंधी, फाळणीत इकडे आला आणि उल्हासनगरच्या कॅम्पात कापडाचं दुकान टाकून बसला. मिलिटरीच्या लिलावात त्यानं एक जुनी स्टेशन वॅगन उचलली होती. गाडी एकदम फर्स्टक्लास, फक्त सेल्फ लागायचा नाही. उतारावर सोडली की मात्र झकास चालू!

जोशी हाडाचे ड्राफ्ट्समन. आठवडाभर खपून त्यांनी असा नकाशा काढला, की प्रत्येक मुक्काम उतारावर. कसारा, चांदवड, सेंधवा... सगळीकडे छोटे छोटे बाण!

लालचंदनं नकाशा कौतुकानं न्याहाळला. "बहोत बढिया, साईं! पर पंजाब तो पूरा सपाट है!"

जोशी मटकन खालीच बसले. गाडी चालवणार होता आमच्या कारखान्याच्या लॉरीचा ड्रायव्हर, बदलापूरचा बाळू म्हात्रे. तो शांतपणे म्हणाला, "मग ढकलू की!"

*

बाळूच्या आईची परवानगी काढायला आम्ही बदलापूरला गेलो. म्हातारी खळ्यात भात पाखडत होती. जोशींनी तिला टेस्ट मॅच समजावली. चार दिवस, दोन-दोन डाव, सगळं सगळं.

"मंग जिकतो कोन?"

"बहुतेक कुणीच नाही, आजी. ड्रॉ होईल."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "चार दिस खेलून कोनच नाय जिकनार? आन ह्ये बघाया तुमी मुलूख ओलांडून जानार?"

 

*

लालचंदच्या घरचा प्रसंग मात्र अवघड गेला. बायको सरहद्दीचं नावही काढू देईना. लालचंद गयावया करत म्हणाला, "अगं, थोड्याच दिवसांत परत येतो!"

ती म्हणाली, "तिकडनं निघतानाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

 मग तिनंच उठून त्याचा कोट झटकला आणि त्याच्या हातात दिला.

*

आता सरहद्दीचा किस्सा. अमृतसरच्या पुढे ही मोटारींची रांग, पोरं टपांवर चढलेली, जत्राच! पलीकडच्या फाटकावर एक उंच कस्टम्सवाले साहेब उर्दूत चौकशी करत प्रत्येक गाडी तपासत होते. आमच्या गाडीत त्यांनी बाळूचं गाठोडं सोडायला लावलं. असा वास सुटला की मागच्या मोटारीतल्या बायकांनी पदर नाकाला लावले! आमचं धाबं दणाणलं.

साहेब वाकले. गाठोड्याकडे बघतच राहिले. मग इकडेतिकडे पाहून अगदी हळू, मराठीत म्हणाले, "सुके बोंबील ना? कल्याणच्या बाजारातले?"

आम्ही गारच! बाळूनं कशीबशी मान हलवली.

"आमच्या दुर्गाडी किल्ल्याखाली अजून होड्या लागतात का हो?"

"लागतात की," बाळू म्हणाला, आणि अख्खं गाठोडं त्यांच्या हातात ठेवलं.

साहेबांनी ते छातीशी धरलं. पुढच्या सीटवर लालचंद बसला होता. त्याला त्यांनी विचारलं, "तुम्हीही तिकडचेच?"

लालचंदनं नकारार्थी मान हलवली. फाटकापलीकडच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

"नाय साहेब. मी इकडचा."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मागून हॉर्न वाजायला लागले, तेव्हा कुठे साहेबांनी फाटक उघडायला सांगितलं. गाडी बंद पडली होती. ढकलायला पहिला हात त्यांनीच लावला.